पुसायच्या आधीचा अर्धा सेकंद

१

तो ड्रायव्हर काढून टाकायचं ठरलंय, हे मला एका मंगळवारी सकाळी दात घासताना कळलं. मेलिंग लिस्टवर तीन ओळींचा निरोप होता. या जुन्या ग्राफिक्स कार्डांकडे पाहणारं आता कोणी उरलेलं नाही, दोन दोष वर्षभर तसेच पडून आहेत, संगणक प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीत हा ड्रायव्हर नसेल. कोणाची हरकत असेल तर त्याने दोष दुरुस्त करावेत. मुदत सोळा दिवस.

तोंडातला फेस तसाच ठेवून मी उत्तर लिहिलं, 'मी करते.'

ड्रायव्हर हा कार्ड आणि बाकीचा संगणक यांच्यातला दुभाषा असतो. तो नसेल तर पडद्यावर काही उमटत नाही आणि धडधाकट कार्ड भंगारात जातं. कंपनीला तेच हवं असतं. या कार्डाचं तर तिने सात वर्षांपूर्वीच नाव टाकलं होतं. मग आमच्यासारखी काही माणसं, कुठे कुठे बसलेली, एकमेकांना कधी न भेटलेली, तो दुभाषा फुकट लिहीत राहतात. कारण 'नवीन घ्या' हे कोणत्याही प्रश्नाचं उत्तर असू शकत नाही. मी जेवताना हा विषय काढला की घरचे ताटं उचलून आत जातात.

पण या वेळी प्रश्न नुसत्या तत्त्वाचा नव्हता. माझी ताई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. तिच्या लॅबमधले सव्वीस संगणक एका कार्यालयाने टाकून दिलेले होते, मीच ते खटपट करून उभे केले होते. सव्वीसही संगणकांत हेच कार्ड होतं. तिच्या वर्गात मुलंही सव्वीस. ती मुलं तिथे लिहायला शिकत, एकमेकांना निरोप पाठवत, खिदळत. शाळेला दुसरी मशिनं मिळणार नव्हती. ड्रायव्हर गेला की सव्वीस पडदे काळे.

शनिवारी ताई त्यातलं एक मशिन माझ्याकडे घेऊन आली. जिना चढून धापा टाकत म्हणाली, "हे घे तुझं लेकरू. आणि वाचव बाई, नाहीतर मला फळ्यावर माऊस काढून शिकवावं लागेल."

२

पहिला दोष दोन सकाळींत सुटला. ऑफिसला जायच्या आधी, सहा ते साडेआठ, माझी ही कामाची वेळ. खिडकीखाली कोणीतरी अंगण झाडत असतं, नळाला पाणी आलेलं असतं, आणि कोणी हाक मारत नाही.

दुसरा दोष किरकोळ वाटत होता. झोपलेल्या पडद्याला कळ दाबून जागं केलं की अर्धा सेकंद त्यावर करडा-हिरवा चिवडा दिसायचा, मग नेहमीचं चित्र. अशा चिवड्याला आमच्यात कचरा म्हणतात. त्यात काही विशेष नसतं. कार्डाची मेमरी ही पाटीसारखी असते, आधी कोणी लिहिलेलं तिच्यावर उरतं. ड्रायव्हरने ती पुढच्याच्या हातात देताना पुसून द्यायची. इथे कोणीतरी पुसायला विसरलं होतं. ती जागा शोधायची, पुसायची ओळ घालायची, विषय संपला.

जागा शोधायला मी तो कचरा जसाच्या तसा एका फाइलमध्ये उतरवून घेतला. तो कोणत्या प्रोग्रामचा आहे हे ओळखता आलं तर विसराळू ओळ पटकन सापडते. अशी फाइल चित्र म्हणून उघडताना रुंदी अंदाजाने द्यावी लागते. रुंदी चुकली की प्रत्येक ओळ जराशी सरकते आणि सगळं चित्र तिरकं सांडतं. मी आकडे बदलत गेले. हजार चोवीस, नाही. बाराशे ऐंशी, जवळ आलं. तेराशे चव्वेचाळीस दिले आणि सगळ्या तिरप्या रेघा एकदम उभ्या राहिल्या.

खोली होती. उजव्या हाताला दार, दाराच्या वर एक दिवा. समोरच्या भिंतीला लागून टेबलांची लांब रांग, तिच्यावर तेरा पडदे, पुढे तेरा रिकाम्या खुर्च्या, आपल्याकडे पाठ करून.

ती ताईची लॅब होती. तिथे दोन भिंतींना समोरासमोर तेरा-तेरा मशिनं आहेत. चित्र अलीकडच्या रांगेतून, एखाद्या पडद्याने समोर पाहावं तसं दिसत होतं.

३

मी हसले. मुलांनी वर्गाचा फोटो काढला असेल, या मशिनवर उघडून पाहिला असेल, त्याचंच हे उरलंसुरलं. मी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत लक्षात आलं की मशिन शनिवारी वायर काढून आलं होतं आणि मंगळवारपर्यंत तसंच पडून होतं. वीज गेल्यावर या मेमरीत काही मिनिटंसुद्धा काही टिकत नाही.

मग डिस्कवरून आलं असेल. मी सगळी डिस्क चाळली. फोटो नव्हता. मशिनला कॅमेरा नव्हता, कधी लावलेलाही नव्हता.

त्या सकाळी मी ऑफिसला उशिरा गेले, कारण मी खुर्च्या मोजत बसले होते. लाकडी खुर्च्या, पाठीला आडव्या तीन पट्ट्या, पट्ट्यांमधल्या फटींतून पलीकडच्या टेबलाची कड दिसते. डावीकडून पाचव्या खुर्चीच्या फटींतून दिसत नव्हती. फटी भरलेल्या होत्या, कोणी पाठ टेकून बसल्यावर भरतात तशा. पाठीच्या वर मात्र काही नव्हतं. खांदे नाहीत, डोकं नाही, नुसती भिंत.

पडदा झोपवला, जागा केला, पुन्हा फाइल उतरवली. आता पाचवी खुर्ची मोकळी होती. आठवीच्या फटी भरल्या होत्या.

मेमरी खराब झाली की ठिपके जागा बदलतात, हे मला ठाऊक आहे. आपला मेंदू चार ठिपक्यांत चेहरा पाहतो, हेही ठाऊक आहे. मी स्वतःला हे दोन्ही दोनदा सांगितलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. दोष सुटतोय का हे तिला विचारायचं होतं, आणि थोडं गाऱ्हाणंही करायचं होतं. मुलं सव्वीस, खुर्च्या सव्वीस, तरी रोज कोणीतरी दोघं एका खुर्चीत दाटीवाटीने बसतात आणि एक खुर्ची रिकामी सोडतात. रोज वेगळी. रागावलं तरी ऐकत नाहीत. वर एक नवी खूण काढलीय त्यांनी. दोन्ही पंजे फाकवून डोळ्यांसमोर धरायचे आणि हळूहळू चेहऱ्यावर आणायचे. खुणांच्या कोणत्याही कोशात नाही. अर्थ विचारला की माना खाली घालतात.

मी म्हटलं, मुलंच ती, काहीतरी खेळ असेल.

४

पुसायच्या चार ओळी लिहायला मला वीस मिनिटं लागली.

आमच्याकडे पॅच, म्हणजे अशी दुरुस्ती, परस्पर आत जात नाही, तो आधी कोणीतरी तपासतो. हा भाग तपासणाऱ्या माणसाला सगळे आजोबा म्हणतात. वय पन्नाशीचंही नसेल, पण वीस वर्षं तो तिथे आहे आणि बोलतो तसाच. एका स्वल्पविरामावरून त्याने माझ्याशी चार दिवस वाद घातलेला आहे. या वेळी त्याने एवढंच विचारलं, की त्या कचऱ्यात होतं काय?

माझ्याकडे तेव्हा अकरा चित्रं होती. अकरा वेळा वेगळी खुर्ची. ती जोडावीत असं क्षणभर वाटलं. पण मुदतीला आठ दिवस होते, आणि भुताच्या खुर्चीचे फोटो पाठवणाऱ्या मुलीचा पॅच लिस्टवर किती गंभीरपणे घेतील, हे मला नीट कळत होतं. मी लिहिलं, 'काही नाही. कचराच.'

पॅच आत गेला. आजोबांनी लिहिलं, चला, म्हातारं कार्ड आणखी काही वर्षं जगलं, आता तूच त्याला सांभाळ. मी घरभर नाचले. घरच्यांनी ताटं उचलली नाहीत, एवढा तो दिवस चांगला होता.

५

शुक्रवारी रजा टाकून मी ताईचं मशिन परत घेऊन शाळेत गेले. मधल्या सुट्टीत सव्वीसच्या सव्वीस मशिनांवर नवा ड्रायव्हर चढवला. ताई म्हणत होती, आधी एक-दोनच कर, सोमवारी बाकीची बघू. मला धीर कुठला!

मुलांच्या त्या लॅबमध्ये आवाज फार असतो. खुर्ची ओढली की करकरते हे त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे कोणी ती उचलून ठेवत नाही. सुट्टी संपली. तिथे घंटेऐवजी दारावरचा दिवा लुकलुकतो. मुलं आत आली, आणि नेहमी काय करतात ते मी पहिल्यांदाच पाहिलं. कोणी बसलं नाही. प्रत्येकजण आपापल्या खुर्चीमागे उभा राहिला, हात लांब करून एक कळ दाबली, आणि सगळे एकदम पडद्याकडे पाहू लागले. पापणी न लववता.

पडदे काळ्यातून सरळ नेहमीच्या चित्रावर आले. स्वच्छ. मला अभिमान वाटला.

मुलं उभीच राहिली. पडदे झोपवून त्यांनी पुन्हा कळा दाबल्या. पुन्हा स्वच्छ. मग ती एकमेकांकडे पाहू लागली, मग माझ्याकडे. ताईने बसायची खूण केली. दोनदा केली. एकही खुर्ची करकरली नाही.

सगळ्यांत पुढे भिंगरी होती. दहा वर्षांची, हात इतके भराभर चालायचे की ताईलाही तिला 'सावकाश' म्हणावं लागे. तिने ते पंजे डोळ्यांसमोर धरले आणि माझ्याकडे पाहत चेहऱ्यावर आणले. मग खुर्च्यांवरून बोट फिरवलं. कोणती, असं विचारत होती. आज मला ते स्वच्छ कळतं.

तेव्हा मला वाटलं, नव्या गोष्टीला भितायत, एकीला बसवलं की बाकीचे बसतील. मी तिच्या खांद्यांवर हात ठेवले, खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. मीच.

ती माझ्या हाताखाली एकदा ताठ झाली, मग सैल पडली. बाकीची मुलं भिंतीला टेकत टेकत, एक एक करून बसली.

तास संपल्याचा दिवा लुकलुकला. पंचवीस मुलं उठली.

६

डॉक्टरांना काही सापडलं नाही. भिंगरी चालते, जेवते, हाक मारायला खांद्याला हात लावला की वळून पाहते. फक्त हात मांडीवर पडलेले असतात. तिची आई दिवसभर ते हातात घेऊन बसते, बोटं एक एक करून उघडते आणि मिटते. ऐकू न येणाऱ्या पोरीचे हात गप्प झाले तर तिच्याजवळ काय उरतं, हे ताईने मला फोनवर विचारलं. रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिला चित्रांचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना रोज दिसत होतं."

"हो."

"आणि तू ते पुसलंस."

७

रविवारी सकाळी आम्ही दोघी शाळेत गेलो. शिपायाने कुलूप काढून दिलं. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं, फरशीवर खुर्च्यांच्या सावल्या पडल्या होत्या. आम्ही बसलो नाही. एका मशिनसमोर उभं राहून मी माझ्या चार ओळी काढल्या, जुना ड्रायव्हर घातला, पडदा झोपवून जागा केला आणि फाइल उतरवून उघडली.

समोरच्या रांगेतल्या तेराही खुर्च्यांच्या फटी मोकळ्या होत्या. मी सुटकेचा श्वास घेणार, तोच ताईने माझं मनगट धरलं.

चित्राच्या खालच्या कडेला, म्हणजे याच पडद्यापुढच्या टेबलावर, दोन हात होते. लहान, बोटं फाकलेली. त्यांच्या वर, पुढच्या खुर्चीत, काहीतरी जवळ आलेलं होतं. ताईने आपला पंजा पडद्याच्या वरच्या भागावर दाबून धरला, त्यामुळे मी ते नीट पाहिलं नाही. तिने पाहिलं असावं. मी विचारलेलं नाही.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

प्रत्येक वेळी पडदा जागा झाला की एक चित्र मिळत होतं, आणि प्रत्येक चित्रात त्याच हातांची खूण वेगळी होती. मी नऊ चित्रं काढली. ताई पंजा न हलवता खालची कड पाहत राहिली. पाचव्या चित्रापासून तिचे ओठ हलायला लागले. आमच्या पोटाशी असलेली ती रिकामी खुर्ची उन्हात तापून मधूनमधून कट् असा आवाज करत होती.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"सांगतेय," ताई म्हणाली, "इथे बसू नका."

८

आमच्या कामाचा पहिला नियम असा, की वापरणाऱ्याचं चालू असलेलं काम मोडायचं नाही. ते एखाद्या चुकीच्या आधाराने चाललेलं असलं, तरीही नाही. सोमवारी मी आजोबांना लिहिलं की माझा पॅच मागे घ्यायचा आहे. कोणती चाचणी नापास झाली, असं ते विचारणार हे मला माहीत होतं, आणि माझ्याकडे दाखवायला चाचणी नव्हती. मी एवढंच लिहिलं, की काही मुलं त्या अर्ध्या सेकंदावर अवलंबून आहेत, आणि तो पुसल्याने एकीला इजा झाली आहे. गरज पडली तर चित्रं पाठवते.

मी चार दिवसांच्या वादाची तयारी करून बसले होते. उत्तर दहा मिनिटांत आलं. पॅच राहू दे, पण एक पर्याय ठेव. ज्याला पुसायला नको असेल त्याने तो चालू करावा. आजच लिही, आजच घेतो.

खाली वेगळ्या ओळीत होतं, 'चित्रं पाठवू नकोस.'

९

आता ताईच्या लॅबमध्ये तो पर्याय चालू आहे. मुलं उभी राहून कळ दाबतात, पाहतात, मग बसतात. पंचवीस मुलं, सव्वीस खुर्च्या. दोघांना एका खुर्चीत बसावं लागत नाही. भिंगरीला तिची आई दाराबाहेरच्या बाकावर घेऊन बसते. आत पडदे जागे झाले की काही मुलं पडद्याकडे पाहून भराभर हात हलवतात, उत्तर दिल्यासारखे. मग पडद्यावर नेहमीचं चित्र येतं आणि त्यांचे हात मध्येच थांबतात.

आवृत्ती बाहेर पडली. ड्रायव्हर वाचला. पर्यायाचं वर्णन मी एका ओळीत, शक्य तितकं कंटाळवाणं लिहिलं होतं. त्याकडे कोणी ढुंकून पाहणार नाही असं मला वाटलं.

पहिलं पत्र तिसऱ्या दिवशी आलं, अनोळखी माणसाचं. एका वाचनालयात सात मशिनं आहेत, पर्यायाबद्दल आभार, कृपया तो कधी काढू नका. दुसऱ्या दिवशी दोन आली. एक हिशेबनीस होता, एक शिवणवर्गाची बाई. कारण कोणी लिहिलं नव्हतं. महिन्याभरात एकतीस पत्रं झाली. मी आभार मानायची आणि काही विचारायची नाही. आजोबांना चित्रं का नको होती, हे मला हळूहळू कळायला लागलं.

काल ताई घरी आली होती. मी नवीन पत्र उघडलं तेव्हा ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. एका आईचं पत्र होतं. लिहिलं होतं, 'अर्धा सेकंद पुरत नाही. एका वेळी एकच शब्द दिसतो आणि तो सारखा जागा बदलत असतो. चित्र थोडा जास्त वेळ ठेवता येईल का? आमच्या मुलाचं वाक्य पुरं होत नाही.'

मी म्हटलं, येईल, एक आकडा बदलायचाय. पण ताई, जितका वेळ इकडून दिसेल तितका वेळ तिकडूनही दिसेल. त्या रविवारी तुझ्या हाताखाली काय होतं, ते तू पाहिलंयस.

ताईने डोळे मिटले. दोन्ही हात वर उचलले आणि हवेत एक वाक्य बोलली. भिंगरीच्या वेगाने, ओठांनी मोजत. चुकलं असावं, म्हणून पुन्हा बोलली, जरा सावकाश.

"चार सेकंद," ती म्हणाली.

मी आकडा बदलला.